उभ्याने ऐकणाऱ्यांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, मी गिरणी-संपाविषयी अथवा किमान वेतनाविषयी बोलेन. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे, तेव्हा त्यांची समजूत वाजवीच होती. मी त्यांना सांगितले, "मला रॉक आणि मेटल या नावाच्या पाश्चात्य संगीताच्या जलशांविषयी बोलावयाचे आहे." चालकांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे ते केस वाढवून ओरडतात ते?" मी म्हटले, "होय, तेच. परंतु ओरडणाऱ्यांविषयी मी थोडेच बोलेन; पुष्कळसे ऐकणाऱ्यांविषयी बोलेन."

गायकांचा इतिहास लिहिला जातो, घराण्यांचा लिहिला जातो. परंतु जो पगारातून पैसे बाजूला टाकून तिकीट काढतो, दुपारपासून रांगेत उभा राहतो, दोनतीन तास पायांवर राहून ऐकतो आणि रात्री शेवटची गाडी चुकली म्हणून फलाटावर झोपतो, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो वर्तमानपत्रात येतो केव्हा, तर तो मेला म्हणजे; आणि तेव्हाही बहुधा 'बेभान जमाव' या नावाने येतो. मी स्वतः या जमावात पस्तीसएक वर्षे उभा राहिलो आहे. हा जमाव बेभान होता, की त्याची व्यवस्था करणारे बेपर्वा होते, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कामगार वाचनालयात आणि द्वारसभांत. १९८९ च्या सुमारास मी एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर रोजंदारीने काम करीत होतो. माझ्या शेजारच्या यंत्रावर कुर्ल्याचा एक ख्रिस्ती सोबती होता. त्याने मला मुंबईला धोबी तलावाजवळच्या रंगभवनात नेले. तेथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या नावाचा जलसा भरत असे. मुंबईत १९८० साली इंग्लंडचा 'पोलीस' हा वाद्यवृंद वाजवून गेला होता, असे सोबत्याने मला वाटेत अभिमानाने सांगितले. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तेथील असले जलसे बंद पडले.

मला त्या वेळी इंग्रजीचा एक शब्दही धड कळत नव्हता. पण गिटारचा तो फाटलेला, दडपून टाकणारा आवाज आला आणि मला प्रथम वाटले ते असे, की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे! दिवसभर ज्या ठोक्याखाली मी पत्रा सरकवीत होतो, तोच ठोका येथे ताल धरून उभा होता. मी पुढे पुढे सरकत गेलो. थोड्याच वेळात पुढच्या पोरांनी एकमेकांस धक्के देत एक रिंगण केले. त्यास ते 'मॉश पिट' म्हणतात. मला तो मारामारीचा प्रकार वाटला आणि मी मागे वळणार तोच कोणाचा तरी खांदा लागून मी खाली पडलो. आता आपण तुडवले जाणार, अशी माझी खात्री झाली. परंतु पाठ जमिनीला टेकते न टेकते तोच तीनचार हातांनी मला बखोटीला धरून उभे केले. एकाने दोन्ही हात पसरून रिंगण अडवून धरले, आणि दुसऱ्याने माझी सुटलेली चप्पल डोक्यावर उंच धरून, कोणाची, कोणाची, म्हणून विचारले. त्यांपैकी कोणी माझे नाव विचारले नाही, मीही त्यांचे विचारले नाही.

पुढे मला कळले की हा तेथला नियमच आहे. पडलेल्यास प्रथम उठवावयाचे, हरवलेली वस्तू उंच धरावयाची, पुढे कठड्याशी गुदमरलेल्यास हातांवरून बाहेर काढावयाचे, पाण्याची बाटली मिळाली तर एक घोट घेऊन मागे द्यावयाची. हा नियम कोठे छापलेला नाही, पण युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडे तो एकच आहे. माझे वडील गिरणीत होते. अमरशेखांचा डफ मैदानात उभ्याने ऐकल्याचे ते सांगत, आणि गर्दीत पोरे हरवली तर ती खांद्यांवरून व्यासपीठाकडे कशी पोचवीत, तेही सांगत. ऐकावयास जमलेल्या माणसांत एक आपलेपण आपोआप येते, याचा पुरावा मला घरातच मिळालेला होता.

आता हे संगीत आले कोठून ते पाहू. इंग्लंडात बर्मिंगहॅम हे लोखंडाचे, पत्र्याचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे शहर. त्याच्या ॲस्टन भागातील टोनी आयोमी हा मुलगा १९६५ साली सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. एका वाद्यवृंदाबरोबर जावयाचे म्हणून त्याने नोकरी सोडली होती, आणि तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवावयास घरी आल्यावर परत जाऊच नये असे त्याच्या मनात आले. आईने सांगितले, हाती घेतलेले काम पुरे करून ये. तो गेला. प्रेसवरचा नेहमीचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून ज्या यंत्राची सवय नाही त्यावर या मुलास उभे करण्यात आले. आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता.

श्रोतेहो, बदली कामगाराला अनोळखी यंत्रावर उभे करणे आणि त्याची बोटे जाणे, ही गोष्ट मला परदेशची वाटत नाही. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यास एक परिशिष्ट जोडलेले असे. त्यात कोणत्या बोटाचे कोणते पेर गेले तर कमाईची शक्ती किती टक्के गेली असे धरावयाचे, ते छापलेले होते. ते परिशिष्ट मला एके काळी पाढ्यांसारखे पाठ होते. मी जेथे काम करीत असे तेथेही एका मुलाची दोन बोटे गेली. त्या कारखान्याचे नाव मी घेत नाही. त्या मुलाने पुढे भाजीची गाडी लावली.

आयोमीच्या कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो वाजवीत राहिला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. त्या उतरलेल्या, जड सुरातून 'ब्लॅक सबाथ' या वाद्यवृंदाचा आवाज घडला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न हाही ॲस्टनचाच, खाटीकखान्यात काम केलेला. मेटल या नावाने जे संगीत आज ओळखले जाते त्याचा उगम बहुतेक जाणकार येथेच दाखवतात. ज्या वस्तीत हातोडे दिवसरात्र चालत, तेथल्या मुलांनी तो ठोका गाण्यात घेतला, यात मला नवल वाटत नाही. १९८९ साली रंगभवनात मला ओळखीचा वाटलेला आवाज तो हाच.

गाणे असे घडले. परंतु त्यासाठी गर्दी जमविण्याचा धंदा याहून जुना आहे. रॉकचा पहिला मोठा जलसा म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो २१ मार्च १९५२ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी झाला. ॲलन फ्रीड या रेडिओवरील निवेदकाने तो भरविला होता. सभागृहात जागा सुमारे दहा हजारांची आणि दाराशी माणसे वीस हजारांच्या घरात! जागेपेक्षा कितीतरी अधिक तिकिटे बाजारात गेली होती. दारे मोडली आणि पहिल्या वादकाचे वाजविणे सुरू होते न होते तोच अधिकाऱ्यांनी कार्यक्रम बंद केला. आरंभीच्या या एका प्रसंगात पुढच्या सत्तर वर्षांची दुखणी दिसतात. ती दुखणी गाण्यात नव्हती. तिकिटे, दारे आणि जागा यांच्या हिशेबात होती.

पुढे जागा वाढत गेली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 'बीटल्स'ना ऐकावयास ५५ हजारांहून अधिक लोक आले. पण त्या काळच्या ध्वनिवर्धकांची शक्ती अपुरी असल्यामुळे आरडाओरड्यात गाणे बहुतेकांस ऐकूच गेले नाही. आवाज वाढविणे भाग पडले. लंडनमध्ये जिम मार्शल या वाद्यविक्रेत्याने १९६२ पासून ॲम्प्लिफायर बनवावयास घेतले होते. 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड याने त्याच्याकडे आठ कर्ण्यांची एकच प्रचंड पेटी मागितली. ती उचलता उचलता हमालांची कंबर मोडू लागली, त्यांनी तक्रार केली, तेव्हा तिच्या चारचार कर्ण्यांच्या दोन पेट्या केल्या. आज रॉकच्या व्यासपीठावर एकावर एक रचलेल्या ज्या पेट्या दिसतात ते रूप, माझ्या मते, हमालांच्या तक्रारीचे फळ आहे! मात्र या आवाजाने टाउनशेंडचे स्वतःचे कान बिघडले, आणि ते त्याने जाहीरपणे सांगितले. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलचा आवाज आठ तास आणि १०० डेसिबलचा दोन तास, अशी मर्यादा घातलेली होती. श्रोत्यासाठी मर्यादा सांगावयास जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ साल उजाडले. मेटलच्या जलशाहून परतल्यावर कानात जो घूं असा नाद राहतो, त्यास मी तरुणपणी बक्षीस समजत असे. आता मी कानात बोळे घालतो आणि इतरांनाही घाला असे सांगतो.

यानंतर जो प्रसंग सांगावयाचा आहे तो ३ डिसेंबर १९७९ चा आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात 'द हू'चा जलसा होता. अठरा हजारांवर तिकिटे विकली गेली होती आणि त्यांपैकी बहुसंख्य तिकिटांवर जागेचा क्रमांक नव्हता. या पद्धतीस तिकडे 'उत्सवी आसन' अशा अर्थाचे गोड नाव आहे. प्रत्यक्षात तिच्यात आसनच नसते. जो आधी आत शिरेल तो पुढे उभा राहील, असा करार. म्हणून थंडीत हजारो मुले दुपारपासून दारांशी दाटली होती. संध्याकाळी आतून वाद्यांचा आवाज आला. कार्यक्रम सुरू झाला असे वाटून मागचे पुढे रेटू लागले, आणि पुढे दारे उघडली ती मोजकीच. मागच्यांस पुढचे दिसत नव्हते, पुढच्यांचा आवाज मागे पोचत नव्हता. त्या दाराशी ११ जण मेले. त्यांत पंधरा वर्षांचीही मुले होती. आत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. वादकांना बाहेरचे वर्तमान तो संपल्यावर सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिले की तरुण पोरांची झुंड उधळली आणि तिने माणसे तुडवली. वस्तुतः झाले ते निराळे. गर्दीचा शास्त्रीय अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी १९९३ साली हे नीट समजावून दिले. एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे दाटली की जमाव जमाव राहत नाही, तो पाण्यासारखा वाहू लागतो. एकट्या माणसाची इच्छा तेथे चालत नाही. लाट येते, पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि छातीवर चहूंकडून दाब आल्यामुळे श्वास घेता येत नाही. माणसे उभ्या उभ्या मरतात. पोलादी कठडे वाकतात, इतका तो दाब असतो. आता अशा वेळी शिस्तीचा उपदेश कोणाला करावयाचा?

आपण मराठीत 'चेंगराचेंगरी' म्हणतो. त्या शब्दात जणू लोकांनीच एकमेकांस चेंगरले असा ध्वनी आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे गेली. तेथे काही गाणे नव्हते, नाचणे नव्हते. कामावर निघालेली, पावसात जिन्यावर अडकलेली माणसे होती. जिना अरुंद होता आणि माणसे फार होती. सिनसिनाटीच्या दाराची आणि या जिन्याची गोष्ट एकच आहे, हे ज्या दिवशी मला कळले त्या दिवसापासून मी 'बेभान जमाव' हे शब्द वापरणे सोडले.

सिनसिनाटीने त्याच महिन्यात क्रमांकाविना तिकिटे बंद केली. ती बंदी २००४ साली उठली. शहराने नेमलेल्या चौकशी मंडळात पॉल वर्थायमर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पुढे आयुष्यभर हाच विषय घेतला, आणि प्रौढ वयात पोरांच्या रिंगणात स्वतः उभे राहून, धक्के खाऊन, गर्दी कशी चालते ते पाहिले. कारखान्यात पाऊल न टाकता कारखान्यावर अहवाल लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

तथापि एका शहराचे मरण दुसऱ्या शहराला शिकवीत नाही. २० ऑगस्ट १९८८ रोजी इंग्लंडात डॉनिंग्टन येथील मेटलच्या जलशास लाखाच्या वर लोक आले. चिखल होता, उतार होता, आणि 'गन्स अँड रोझेस' हा वाद्यवृंद वाजवीत असता पुढच्या गर्दीत दोन तरुण दबून मेले. पुढच्या वर्षी जलसा भरला नाही. १९९० साली भरला तो संख्येवर मर्यादा घालून. १९९३ साली ब्रिटिश सरकारने जलशांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली. ती काढण्यात पुढाकार कोणाचा, तर जे खाते कारखान्यांतील आणि खाणींतील अपघात पाहते त्याचाच! म्हणजे श्रोता उभा असतो ती जागाही कामाच्या जागेसारखीच मोजून-मापून सुरक्षित करावी लागते, हे तेथे मान्य झाले. तरीही ३० जून २००० रोजी डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड येथे 'पर्ल जॅम'चे वादन चालू असता ९ जण गेले. गायक थांबला, मागे सरा म्हणून विनवू लागला, पण उशीर झाला होता. त्यानंतर तेथे व्यासपीठापुढची जागा कठड्यांनी विभागून मोजकीच माणसे आत घेऊ लागले. कारखान्यांचा कायदा असाच वाढला आहे. त्यातील कलमे वाचताना प्रत्येक कलमामागे कोण मेला असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

आपल्या देशात २८ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ गुडगाव येथे 'मेटॅलिका'चा जलसा व्हावयाचा होता. व्यासपीठापुढचा कठडा सुरक्षित नाही म्हणून तो आयत्या वेळी रहित झाला. संतापलेल्या काही लोकांनी मोडतोड केली. ती मोडतोड मला मान्य नाही. पण तो जलसा त्या कठड्यासह झाला असता तर काय झाले असते, हे सिनसिनाटी ठाऊक असणाऱ्याने सांगावयास नको. दोन दिवसांनी तोच वाद्यवृंद बंगळूरला वाजवून गेला आणि हजारो मुले सुखरूप घरी गेली.

आता शेवटचा दुःखद प्रसंग. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे 'कोलेक्टिव' नावाचा एक क्लब होता. एका जुन्या पादत्राणांच्या कारखान्याच्या इमारतीत तो चालत असे. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे एका मेटल वाद्यवृंदाच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचा जलसा होता. शोभेच्या दारूची ठिणगी आवाज शोषणाऱ्या फोमला लागली. बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. त्या आगीने अखेर ६४ बळी घेतले. त्या वाद्यवृंदातील पाचांपैकी चौघे गेले. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली अगदी अशाच आगीत १०० माणसे जळाली होती, आणि तरीही हे घडले. परंतु बुखारेस्टमध्ये पुढे जे झाले ते मला विशेष सांगावयाचे आहे. हजारो माणसे रस्त्यावर आली. मुलांनी काय ऐकावे याची चर्चा त्यांनी केली नाही. परवाना कोणी दिला, तपासणी कोणी केली, हे विचारले. 'भ्रष्टाचार जीव घेतो' ही त्यांची घोषणा होती. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान व्हिक्टर पोंटा यांनी राजीनामा दिला. ज्या श्रोत्यास कोणी इतिहासात जागा देत नव्हते, त्याच्या मरणाचा जाब विचारला गेला आणि सरकार गेले!

हा जमाव देवमाणसांचा असतो, असे मी म्हणणार नाही. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियात अल्टामाँट येथे बंदोबस्ताचे काम मोटारसायकलवाल्यांच्या एका टोळीकडे दिले होते आणि त्यांच्यापैकी एकाने अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णी तरुणास भोसकून मारले. गर्दीचा फायदा घेऊन मुलींना त्रास देणारेही असतात. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात 'आयर्न मेडन'चा जलसा झाला, तेव्हा माझी भाची माझ्याबरोबर होती. त्यांच्या त्या जगप्रवासाचा आरंभच मुंबईत झाला, आणि त्यांचे विमान चालवणारा वैमानिक म्हणजे त्यांचा गायकच, याचे तिला मोठे अप्रूप. दाटी वाढली तशी ती मला म्हणाली, "मामा, हात खाली सोडू नकोस. छातीपुढे धर, म्हणजे श्वासाला जागा राहते." मी विचारले, हे तुला कोणी शिकवले? ती म्हणाली, "मुलींना हे शिकावेच लागते." मग तिने कोठे उभे राहावे, कोणत्या माणसापासून दूर व्हावे, हे सारे सांगितले. मी इतकी वर्षे त्याच गर्दीत उभा होतो, पण ही दुसरी रांग मला दिसलीच नव्हती. पडलेल्यास उठवण्याचा आमचा नियम मुलींच्या बाबतीत अजून अपुरा आहे, हे मला तेथे कबूल करावे लागले.

गेल्या साली, म्हणजे ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅममध्ये ॲस्टन येथील व्हिला पार्कवर ब्लॅक सबाथचे चौघे अखेरचे एकत्र आले. ऑस्बर्नला कंपवाताने उभे राहवत नव्हते. तो सिंहासनावर बसून गायला. त्याचे बालपणीचे घर तेथून जवळच आहे. तिकडे जाण्याची माझी ऐपत नव्हती. मी घरी पडद्यावर पाहिले. गायक बसलेला आणि हजारो श्रोते उभे, असे ते दृश्य होते. आयोमी त्या टोपणांच्या बोटांनी वाजवीत होता. सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑस्बर्न वारला, आणि शहर रस्त्याच्या दुतर्फा निरोपाला उभे राहिले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी मुले आहेत. उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणेल, मला अमुक जलशाला जावयाचे आहे. तेव्हा ते गाणे तुम्हाला आवडलेच पाहिजे असे नाही. मला तरी सगळे कोठे आवडते? पण ते कसले गाणे आहे हे विचारण्याआधी इतके विचारा, की तिकिटे किती विकली, दारे किती आहेत, ती सगळी उघडतात काय, आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती. याची उत्तरे मुलांपाशी नसली तर ज्यांनी पैसे घेतले त्यांना विचारा, आणि आपल्या गावात परवाना जो अधिकारी देतो त्यालाही विचारा. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून मी आयुष्यभर हेच प्रश्न विचारीत आलो आहे. या सभागृहातही मी आत येताना दारे मोजली आहेत. ती चार आहेत, आणि त्यांतील एकाला कुलूप आहे. चालकांना माझी नम्र विनंती आहे की, उद्याच्या व्याख्यानापूर्वी ते काढावे.